अठ्ठावन्नपर्यंत थांबायलाच हवं का?

वाचक भगिनीचं पत्र:

“नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. सातपूरला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. सप्टेंबर २०१० मध्ये लागले. कंपनीने प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला आणि ऑगस्ट २०२५ अखेर आम्हाला हिशेब देऊन मोकळं केलं. शेवटची पाच-सहा वर्षं पगार सतरा हजारांच्या पुढे होता, पीएफ मात्र पंधरा हजारांवरच कापायचे. नोव्हेंबरमध्ये मला ५५ पूर्ण झाली. पीएफ ऑफिसात सांगितलं की पेन्शन पूर्ण हवी तर ५८ पर्यंत थांबा. आत्ता घेतली तर वर्षाला ४ टक्के कमी, म्हणजे १२ टक्के कमी, आणि तेही कायमचे.

माझे भावजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. ते म्हणतात, थांब, आयुष्यभराचं नुकसान करून घेऊ नकोस. मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, तो तर म्हणतो, जितकं थांबशील तितका फायदा. आमचे मिस्टर रिक्षा चालवतात. त्यांचं म्हणणं, मिळतंय ते घे. ऑफिसच्या बाहेर एक जण भेटला, म्हणाला, दहा हजार द्या, पेन्शनचे सगळे पैसे एकदम काढून देतो. शेजारच्या काकूंनी मुलींच्या वसतिगृहात एक काम सांगितलंय, तिथे अकरा हजारांवर पीएफ कापतील. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर महिन्याला माझ्या हातात माझे चार पैसे असावेत, एवढंच मला वाटतं. पण घाईत काही चुकतंय का, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगते, हिशेब नंतर मांडते, म्हणजे आजची रात्र तरी झोप लागेल. तुम्ही सांगितलेली परिस्थिती तशीच असेल, तर पेन्शन आत्ता चालू करा. त्यात तुमचं नुकसान नाही. एकाच प्रसंगी हे उत्तर बदलेल, पंधरा हजारांवर पीएफ कापणारी नोकरी तुम्हाला पुन्हा मिळाली तर. त्याबद्दल पुढे लिहिते.

आणि त्या दहा हजार मागणाऱ्या माणसाला आत्ताच मनातून काढून टाका. पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाली की ते पैसे एकरकमी काढता येत नाहीत, मिळते ती पेन्शनच. तुमची पंधरा वर्षं झाली आहेत. तो जे देतो म्हणतोय ते कायद्यात बसतच नाही, तेव्हा तुमचे दहा हजार घेऊन तो दिसेनासा होईल. आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाचा फोटो, मोबाईलवर आलेला ओटीपी, यातलं काहीही त्याच्या हातात पडू देऊ नका.

आता हिशेब. तो तुम्हाला स्वतःला करता यायला हवा, कारण उद्या भावजी पुन्हा विचारतील.

तुमची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली आहे. कंपनी तुमच्या नावावर जो बारा टक्के वाटा भरायची, त्यातला ८.३३ टक्के पीएफमध्ये न जाता या योजनेत जात होता. पंधरा हजारांच्या मर्यादेवर तो महिन्याला १,२५० रुपये होतो. पेन्शन मात्र किती रक्कम जमली यावर ठरत नाही, सूत्रावर ठरते. शेवटच्या साठ महिन्यांच्या पीएफ-पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. आणि १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला पगाराची मर्यादा ६,५०० रुपये, त्यानंतरच्या सेवेला १५,०००.

तुमची २०१४ आधीची चार वर्षं. साडेसहा हजार गुणिले चार, भागिले सत्तर, झाले ३७१ रुपये. नंतरची अकरा वर्षं. पंधरा हजार गुणिले अकरा, भागिले सत्तर, झाले २,३५७. एकूण २,७२९ रुपये महिना, पैसे धरून. ही तुमची अठ्ठावन्नची पूर्ण पेन्शन. पंचावन्नला चालू केली तर बारा टक्के वजा जाऊन साधारण २,४०० रुपये.

पंधरा वर्षं उभं राहून पॅकिंग केल्यावर हातात येतात ते हे २,७२९ रुपये, हे लिहिताना मला वाईट वाटतं. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये केली गेली आणि ती अजून हजारच आहे. ती साडेसात हजार करा आणि वर महागाई भत्ता द्या, या मागणीसाठी बुलढाण्यात पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं बसून आहेत. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं आहेत ती. त्यांची मागणी रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज तुमच्यापुढे जो नियम आहे त्यातच निर्णय घ्यायचाय, म्हणून पुढे जाऊ.

बारा टक्के कायमचे गेले, हे वाक्य ऐकायला फार भयंकर वाटतं. रुपयांत मांडलं की ते महिन्याला ३२८ रुपये होतात. त्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं? तीन वर्षं, म्हणजे छत्तीस महिने, दर महिना २,४०० रुपये. एकूण सुमारे ८६,४०० रुपये तुमच्या खात्यात जमा होतात, ज्या काळात थांबणाऱ्या बाईच्या खात्यात एक रुपयाही आलेला नसतो.

आता ३२८ रुपयांप्रमाणे ते ८६,४०० भरून निघायला किती महिने लागतील? भागून बघा. २६३ महिने येतात. जवळजवळ बावीस वर्षं. म्हणजे अठ्ठावन्नपर्यंत थांबलेल्या बाईची एकूण रक्कम तुमच्या बरोबरीला यायला तिचं वय ऐंशी व्हावं लागेल. फायदा सुरू होणार तो त्याच्याही पुढे.

आणि हे व्याज न धरता. समजा मुलगी नोकरीला लागली, घर तिच्या आणि मिस्टरांच्या कमाईत भागलं आणि ही पेन्शन तुम्ही खर्च न करता साठवली. अठ्ठावन्नला ८६ हजार पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. गेली काही वर्षं तिथे ७.४ टक्के व्याज आहे. त्या दराने महिन्याला ५३० रुपये व्याज येतं. बारा टक्क्यांमुळे गेलेले ३२८ त्यातून भरून निघतात, वर दोनशे उरतात, आणि ८६ हजार जागच्या जागी राहतात. थांबून हे कुठल्याच वयात गाठता येत नाही.

हिशेब असा का निघतो, तर वर्षाला ४ टक्के ही कपात मुळात सौम्य आहे. एक वर्ष आधी घेतली तर बारा महिन्यांची पेन्शन जास्त मिळते आणि कापली जाते ती फक्त चार टक्क्यांनी. हे लक्षात न घेता नुसता टक्क्यांचा आकडा ऐकून माणसं घाबरतात, आणि नोकरी सुटल्यावरची सगळ्यात ओढाताणीची वर्षं हक्काच्या पैशांशिवाय काढतात.

दुसरं कारण याहून मोठं आहे. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. अठ्ठावन्नला २,७२९ चालू झाली की पंच्याहत्तरीलाही २,७२९ च. मग त्या पैशाला जास्तीत जास्त किंमत कधी? आत्ता. मुलीची शेवटच्या वर्षाची फी, मेस, परीक्षा, नोंदणी, हे सगळं याच एक-दोन वर्षांत आहे. आजचे २,४०० रुपये तिच्या उपयोगी पडतील. वीस वर्षांनंतरच्या ३२८ रुपयांत काय येईल, हे गेल्या वीस वर्षांकडे बघून तुम्हीच ठरवा.

इथेच भावजींचं आणि मामेभावाचं म्हणणं तपासून घेऊ. दोघंही मनापासून सांगतायत, यात शंका नाही. पण दोघंही स्वतःच्या पेन्शनकडे बघून तुमच्या पेन्शनबद्दल बोलतायत.

भावजी अठ्ठावन्नला निवृत्त झाले, त्यांची पेन्शन शेवटच्या पगारावर बसली आणि महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. त्यांच्या पेन्शनमधला एक टक्का कमी झाला तर तो खरोखरच वाढत्या रकमेचा एक टक्का असतो. तुमचं तसं नाही.

मामेभावाचं गणित आणखी वेगळं आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, बासष्टाव्या वर्षापासून घेता येते, १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण पेन्शनचं वय ६७ आहे. बासष्टला घेतली तर तीस टक्के कमी मिळते. सदुसष्टनंतर थांबलं तर दर वर्षाला ८ टक्के वाढ, सत्तरीपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती रक्कम तिथल्या महागाईनुसार दरवर्षी वाढवली जाते. तब्येत बरी असेल, घर चालत असेल, तर तिथे थांबणं पुष्कळांना फायद्याचं ठरतं. तो चुकीचं सांगत नाहीये. पण आपल्याकडे थांबण्याचं बक्षीस त्याच्या निम्मं, आणि महागाईची वाढ शून्य. त्याचा सल्ला न्यू जर्सीत बरोबर आहे, सिडकोत नाही.

ओघात एक गोष्ट सांगून टाकते, कारण कुणीतरी ती तुमच्या कानावर घालेलच. अठ्ठावन्ननंतरही पेन्शन न घेता साठपर्यंत थांबलं तर वर्षाला चार टक्के वाढवून मिळतात. २,७२९ वर दोन वर्षांचे आठ टक्के म्हणजे २१८ रुपये. त्यासाठी सोडायचे चोवीस महिन्यांचे साडेपासष्ट हजार. ते भरून यायला साठीनंतर पंचवीस वर्षं लागतील. त्या वाटेला जाऊ नका.

आता वसतिगृहाचं काम. तुमच्या पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण खरा निर्णय तिथे आहे.

पंचावन्नला पेन्शन घ्यायची तर अट अशी की अर्ज करताना तुम्ही पीएफ कापणाऱ्या कुठल्याही नोकरीत असता कामा नये. आज तुम्ही नाही आहात. समजा पेन्शनचा अर्ज न करता तुम्ही आधी वसतिगृहात रुजू झालात, तर लवकरच्या पेन्शनचं दार बंद होतं. नोकरी सोडेपर्यंत किंवा अठ्ठावन्न होईपर्यंत थांबावंच लागतं. वाटतं, हरकत काय, सेवेची तीन वर्षं वाढतील, पेन्शनही वाढेल.

बघू किती वाढते. सूत्रात शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी आहे, हे विसरू नका. वसतिगृहातले छत्तीस महिने अकरा हजारांचे आणि त्याआधीचे कंपनीतले चोवीस महिने पंधरा हजारांचे. सरासरी येते १२,६००. आणि ही घसरलेली सरासरी फक्त नव्या तीन वर्षांना लागत नाही, कंपनीतल्या अकरा वर्षांनाही लागते. चौदा वर्षं गुणिले १२,६००, भागिले सत्तर, झाले २,५२० रुपये. त्यात जुने ३७१ मिळवा. २,८९१. म्हणजे तीन वर्षं आणखी राबून पेन्शन वाढली फक्त १६२ रुपयांनी. कमी पगाराच्या शेवटच्या नोकरीने आधीची कमाई अशी खाली ओढली गेल्याची पत्रं मला सारखी येतात, आणि ज्यांचं हे झालं त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

याच्या उलट क्रम लावा. आधी पेन्शनचा अर्ज, पेन्शन चालू, आणि मग वसतिगृह. लवकरची, म्हणजे ऑफिसच्या भाषेत रिड्यूस्ड पेन्शन घेणारी व्यक्ती पुन्हा पीएफच्या नोकरीला लागली, तर ती पेन्शन योजनेची सभासद पुन्हा होत नाही. मालकाच्या वाट्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शनकडे न जाता तुमच्याच पीएफमध्ये जातो. अकरा हजारांवर तो महिन्याला ९१६ रुपये होतो, तीन वर्षांचे तेहतीस हजार, वर पीएफचं व्याज. ते २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होतं. हे पैसे तुमचे, एकरकमी, हातात येणारे. शिवाय २,४०० ची पेन्शन चालूच. तिथे रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात पेन्शनच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा नंबर लिहायचा रकाना असतो. तो नंबर आठवणीने लिहा, लपवू नका. तो लिहिला नाही तर मालक सवयीने ८.३३ टक्के पेन्शनकडे भरत राहील आणि ते निस्तरताना तुम्हाला हेलपाटे पडतील.

काकूंना म्हणून आजच निरोप द्या की काम करायचंय, पण पेन्शन मंजूर होईपर्यंत थोडा अवधी हवा. वसतिगृहवाले थांबायला तयार नसतील तर मात्र मनाशी तोलून बघावं लागेल. अकरा हजारांचा पगार हा २,४०० पेक्षा केव्हाही मोठा. पेन्शनपायी चांगलं काम हातचं घालवा, असं मी सांगणार नाही. फक्त बिनपीएफच्या कामाला ही अडचण येत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि वर म्हटलेला तो एक अपवाद. उद्या तुम्हाला एखाद्या औषध कंपनीत पुन्हा पंधरा हजारांवर पीएफ कापणारी नोकरी मिळाली, तुमच्या अनुभवाला ते अशक्य नाही, तर सेवेचं प्रत्येक वर्ष पेन्शनमध्ये २१४ रुपयांची भर घालतं. तीन वर्षांत पेन्शन ३,३७० च्या घरात जाते. तेव्हा मी सांगेन, थांबा. सत्तरीच्या आतच थांबण्याची भरपाई होते. अशी नोकरी समोर आलेली नसताना मात्र तिच्या आशेवर महिने घालवू नका.

हा माझा हिशेब तुमच्यासारखीच पंधरा-सोळा वर्षं झालेल्यांसाठी आहे, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावं. ज्यांची वीस वर्षं भरत आलीत त्यांनी तो जसाच्या तसा उचलू नये. अठ्ठावन्नला निवृत्त होताना वीस वर्षं सेवा झालेली असेल, तर दोन वर्षं वाढवून धरतात आणि मग आकडे बदलतात. दहा वर्षांना काही महिने कमी असलेल्यांनी तर आधी दहा वर्षं पुरी करण्याचीच धडपड करावी.

मिस्टरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगायला हवं. त्यांना स्वतःची पेन्शन नाही. तुमच्यामागे त्यांना तुम्हाला मिळत असलेल्या पेन्शनच्या निम्मी मिळेल. आत्ता घेतलीत तर ती १,२०० होईल, अठ्ठावन्नला घेतलीत तर १,३६५. लवकर घेतल्याची कपात त्यांच्याही वाट्याला येते. महिन्याला १६५ रुपयांचा हा फरक खरा आहे. माझ्या मते तीन वर्षांचे ८६ हजार त्याहून मोठे आहेत. तरी हा आकडा त्यांच्यासमोर ठेवूनच अर्ज करा. घरात नंतर “आधी का नाही सांगितलंस” असं व्हायला नको.

तुम्ही थांबण्याचा विचार करताय त्या काळात घर कशावर चालणार होतं? मला भीती आहे की ते पीएफच्या रकमेवर चालेल. महिन्याला दोन-अडीच हजार काढता काढता ती गंगाजळी आटते. कंपनीचा हिशेब आणि पीएफ वेगळा ठेवा, पीएफवरचं व्याज पोस्टाहून चांगलं आहे. अडलं तर पेन्शन वापरा, पीएफला हात लावू नका. तीनशे अठ्ठावीस रुपये वाचवण्यासाठी सव्वाआठ टक्क्यांची रक्कम मोडणं, हे मी कुणालाच करू देणार नाही.

अर्जाचं आता. पेन्शनचा फॉर्म १०डी. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, आणि आधार जोडलेलं असेल तर घरून ऑनलाइन भरता येतो, मुलीला शेजारी बसवा. पण फॉर्मला हात लावण्याआधी यूएएनच्या पोर्टलवर जाऊन तीन गोष्टी बघा. पहिली, कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का. ती भरलेली नसली तर रेकॉर्डवर तुम्ही अजून कामावर आहात आणि लवकरची पेन्शन मंजूर होणार नाही. प्लँट हललाय, नाशिकचं ऑफिस बंद व्हायच्या आत एचआरच्या माणसाला गाठून हे करून घ्या. सगळ्या बायकांना एकत्र घेऊन गेलात तर अधिक बरं, कारण ही अडचण एकटीची नसणार. दुसरी, जन्मतारीख. आधारवर एक आणि पीएफमध्ये दुसरी असेल तर वयाचाच घोळ होतो, आणि तुमच्या पेन्शनचं सगळं गणित वयावर आहे.

तिसरी गोष्ट नाव. यात बायकांना जितका त्रास होतो तितका पुरुषांना होत नाही. कामावर लागताना शाळेच्या दाखल्यावरून माहेरचं नाव लिहिलेलं असतं, आधारवर सासरचं, बँकेत मधलं नाव गाळून फक्त आडनाव. एका बाईंच्या पीएफच्या पासबुकात मी पाहिलं, त्यांच्या नावापुढे वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव आणि नात्यापुढे ‘वडील’ असं छापलेलं होतं. अर्ज तेवढ्यावरून परत आला होता. तुमच्या पीएफच्या पासबुकाचं, आधारचं आणि बँकेचं पान शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती, मग १०डी.

फॉर्ममध्ये लवकरची पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी, असा रकाना आहे. तो रिकामा सोडू नका. पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. मुलीची जन्मतारीख घाला, कारण पंचवीस वर्षांपर्यंत मुलांनाही योजनेत हक्क असतो. बँक कुठली द्यायची याची आता काळजी नाही. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत येऊ शकते, म्हणून तुम्हाला घराजवळची, जिथे तुम्ही स्वतः चालत जाऊन पैसे काढू शकाल, ती शाखा द्या. खातं तुमच्या नावाचं असू द्या. एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये असू द्या. तुमच्या पत्रातलं “माझे चार पैसे” हे मला अगदी पटलं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पोस्टमनकडेही होतो. दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीत जाण्याची गरज नाही. मुलीच्या सुट्टीचा महिना धरा.

अर्ज भरला की पावतीचा नंबर वहीत लिहून ठेवा. आणि एचआरने सोडल्याची तारीख भरायला टाळाटाळ केली, तर कंपनीच्या हिशेबाचा कागद आणि शेवटची पगार-स्लिप घेऊन नाशिकच्या पीएफ ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथेही काम अडलं तर त्या पोचेची प्रत जोडून मला पुन्हा लिहा. पुढे कुणाकडे जायचं ते मी सांगेन.